भूमिकेला न्याय दिला

परभणीत 'सौभद्र'सारखं नाटक झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात न्याय होतो. कृष्णाने भूमिकेला न्याय दिला. अर्जुनाने पुरेपूर न्याय दिला. बलरामाने आपल्या परीने न्याय दिला. बांधाच्या भांडणात बाप वारला तरी त्याच्या तारखेला पोराला उभं राहावं लागतं, अशा मुलखात तीन तासांत अकरा जणांना एकरकमी न्याय मिळतो तो फक्त नाट्यपरीक्षणात.

हा निकाल वाचायलाही सवय लागते. नेपथ्य 'सूचक' होतं म्हणजे एक बाक, एक पडदा आणि कुणाच्या तरी अंगणातून उचलून आणलेली तुळशीची कुंडी होती. प्रकाशयोजना 'पूरक' होती म्हणजे लाइट गेली नाही. रंगभूषा 'अनुरूप' म्हणजे दाढी शेवटच्या अंकापर्यंत हनुवटीलाच होती. प्रयोग मध्येमध्ये 'रेंगाळला' म्हणजे लिहिणाऱ्याचा डोळा लागला, आणि 'इतरांनीही योग्य साथ दिली' म्हणजे नावांची पत्रिका सभागृहातच राहिली. संगीत नाटक असेल तर यात एक वाक्य वाढतं: पदांनी रसिक मंत्रमुग्ध झाले. मंत्रमुग्ध माणसाला पुढे काय झालं ते सांगता येत नाही. परीक्षण तिथेच संपतं.

लिहिणाऱ्याला तरी बोल कसा लावावा? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे इथे लहान पोरालाही पाठ असतं. पण दोन्हीकडच्या समीक्षकांत एक फरक आहे. जर्मनीतल्या समीक्षकाला दुसऱ्या दिवशी सकाळी बलरामाच्या दुकानापुढे युरियाच्या रांगेत उभं राहायचं नसतं. इथला श्रीकृष्ण आठवीला गणित शिकवतो आणि त्याच वर्गात परीक्षणकाराचा मुलगा काठावर पास होत असतो. अर्जुन बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बसतो. 'अर्जुनाच्या चेहऱ्यावर प्रेम उमटत नव्हतं' असं डिसेंबरात छापायचं आणि जूनमध्ये सातबारा घेऊन त्याच चेहऱ्यापुढे बसायचं, ही हिंमत शेती नसलेल्या माणसाने करावी. बाकीच्यांनी न्याय देऊन मोकळं व्हावं.

त्यामुळे परभणीतलं खरं परीक्षण छापून येत नाही. ते अंधारात, प्रयोग चालू असतानाच होतं. त्याची भाषा मात्र हंगामावर अवलंबून असते.

नाटकांचा हंगाम म्हणजे मुख्यतः राज्य नाट्य स्पर्धेचा हंगाम. १९५४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेचं परभणी हे एक केंद्र. संगीत नाटकांची स्पर्धा निराळी, तीत गाणाऱ्यालाही बक्षीस असतं आणि तबला-ऑर्गनच्या साथीलाही. पण पेटी-तबल्याची हौस काही स्पर्धेची वाट पाहत नाही. गद्य नाटकाच्या तालमीतही कुणीतरी चहाच्या सुट्टीत पद म्हणून घेतोच. हे सगळं चालतं ते ऐन थंडीत. परभणीची थंडी ही मस्करीची गोष्ट नाही. कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेचा पारा पाच अंशांच्याही खाली उतरला की परभणीचं नाव राज्यभरच्या पेपरांत पहिल्या पानावर जातं, आणि गाव त्या आकड्याकडे बक्षीस मिळाल्यासारखं बघतं. अशा रात्री नाटकाला आलेला माणूस शाल, मफलर, कानटोपी, कधी कधी घरची सोलापुरी चादर अशा बंदोबस्तात बसलेला असतो. डोळे तेवढे बाहेर.

आता या माणसाकडून टाळी घ्यायची आहे.

टाळीला हात लागतात आणि हात शालीत आहेत. मुंबई-पुण्याच्या नटाला हे गणित ठाऊक नसतं. तो तान घेतो, समेवर येतो, थांबतो, आणि समोरून मऊसर धप्प असा आवाज येतो, गादीवर उशी पडावी तसा. त्याला वाटतं, पडलं. पडलेलं नसतं, ती शालीतली टाळी असते. इथला जाणता नट प्रेक्षकांत किती हात बाहेर आले ते बघतो. मफलर नुसता हलला तर 'ऐकतोय, चालू द्या'. एक हात बाहेर येऊन मांडीवर ठेका धरू लागला तर तबलजी पास, गाणारा अजून नाही. दोन्ही हात थंडीत उघडे पडून कडाडून टाळी आली तर त्या माणसाने त्या पदासाठी सर्दी पत्करली आहे. याच्यावरची दाद परभणीत नाही.

हे सगळं घडतं त्या सभागृहाला नाव आहे बी. रघुनाथांचं. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३ मध्ये सातोन्याचा, कवी आणि कादंबरीकार, पोटासाठी परभणीत बांधकाम खात्यात नोकरी. ७ सप्टेंबर १९५३ ला ऑफिसात काम करता करताच गेले. बांधकाम खात्यातल्या कवीचं नाव सभागृहाला द्यावं यात मोठं औचित्य आहे, कारण सभागृहाला जे जे लागतं त्यातलं अर्धं बांधकाम खात्याकडून येतं आणि उरलेलं अर्धं कवीकडून यावं लागतं.

बरं, हे दाद देण्याचं शास्त्र परभणीकरांनी थंडीमुळे काढलं असं कुणी समजू नये. ते फार जुनं आहे आणि त्याचा दाखला जिल्ह्याच्याच माणसाच्या अभ्यासाच्या टेबलावर सापडतो. नरहर कुरुंदकर जन्मले कुरुंद्याला, वसमत तालुक्यात. १९३२ साली तो तालुका परभणीत होता. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा वसमत तिकडे गेलं. म्हणजे कुरुंदकर जन्माने परभणीचे आणि नकाशाने हिंगोलीचे. त्यांनी आयुष्यात अभ्यासलेल्या अनेक भारदस्त विषयांपैकी एक होता भरताचं नाट्यशास्त्र. आणि नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय म्हणजे प्रयोग पडला की रंगला हे कसं ओळखावं याचं रीतसर माहितीपत्रक आहे.

भरतमुनी सांगतात, प्रेक्षक नुसता हसला, अर्धवट हसला, मोठ्याने हसला, 'साधु' म्हणाला, 'अहो' म्हणाला, करुण प्रसंगी 'कष्टम्' म्हणाला तर ती तोंडाने दिलेली दाद. अंगावर काटा आला, माणूस जागेवरून उठला, अंगावरचं वस्त्र आणि बोटातली अंगठी काढून दिली तर ती अंगाने दिलेली दाद. परभणीत 'साधु'च्या जागी 'व्वा रे पठ्ठ्या' आणि 'कष्टम्'च्या जागी 'अरारारा' आलं, एवढाच फरक. वस्त्र मात्र डिसेंबरात कुणी काढून देत नाही. अंगठीचा भाव ऐकल्यापासून तिचाही प्रश्न मिटला आहे.

याच अध्यायात प्रयोगाला येणाऱ्या विघ्नांची यादी आहे. वारा, आग, पाऊस ही देवाघरची विघ्नं. शिवाय हत्ती, साप, किडे आणि मुंग्या. विरोधकांनी घातलेला गोंधळ निराळा: ओरडणं, टाळ्या पिटणं, शेण, ढेकळं आणि दगड फेकणं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाने कोणकोणते प्रयोग सोसले असतील या विचाराने काळजात कालवतं. परभणीत नाटकाच्या वेळी हत्ती येत नाही. त्याची जागा वरातीच्या डीजेने घेतली आहे. लग्नसराई आणि नाट्यहंगाम एकाच वेळी येतात, आणि सुभद्रा कातर स्वरात आपली व्यथा आळवत असताना बाहेरून मिनी ट्रकवरचे भोंगे पुढे सरकू लागतात. सुभद्रेचं लग्न नको त्याच्याशी ठरलंय म्हणून ती रडतेय आणि बाहेर भलत्याच कुणाचं तरी लागलंसुद्धा. प्रेक्षक हसतो. ही दाद कुणाच्या खात्यावर मांडायची हे भरतमुनींनी सांगितलेलं नाही.

नाटकावर वाद झाला तर निवाडा कुणी करायचा, हेही तिथे दिलं आहे. दहा प्रकारचे पारखी, ज्याला त्याला त्याचा विषय. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्येतला जाणकार, चित्रकार, गणिका, गवई आणि राजाचा सेवक. परभणीत यातले बरेचसे अजून तिकीट काढून येतात. नांदीतल्या संस्कृत उच्चारावर मान हलवणारे गुरुजी असतात. 'ळ' आणि 'ल' वेचणारे निवृत्त मराठीचे सर असतात. अर्जुनाने धनुष्य डाव्या हातात धरलं की उजव्या, हे बघणारे एनसीसीचे मास्तर असतात. पडद्यावरच्या रैवतक पर्वताकडे उसासा टाकून पाहणारा, फ्लेक्समुळे धंदा बसलेला पेंटर असतो. राजसेवक म्हणजे तहसीलमधले भाऊसाहेब. आणि राजा असतो पहिल्या रांगेत, सोफ्यावर. तो उशिरा येतो, नारळ फोडतो, 'मला संगीतातलं फारसं कळत नाही' असं दहा मिनिटं सविस्तर सांगतो आणि पहिल्या पदाच्या आत पुढच्या कार्यक्रमाला जातो. त्याच्याबरोबर सोफ्यांची अख्खी रांग उठते. उरलेलं नाटक कृष्णाला सात रिकाम्या सोफ्यांकडे बघत करावं लागतं. तिसऱ्या रांगेतल्या एखाद्या मामांनी मधल्या अंकात हळूच पुढे येऊन सोफा धरला, तर त्यांना नाटक आवडलंच असं नाही. त्यांची कंबर धरली होती.

गणिकेची जागा रिकामी आहे. शृंगाराचं परीक्षण त्यामुळे कुणीच करत नाही आणि सुभद्रा-अर्जुन एकमेकांपासून अडीच फुटांवर उभे राहून संसाराला लागतात.

मध्यंतरात चहाच्या टपरीवर निकालपत्र वाचलं जातं. त्यात कलाकाराचं नाव सहसा नसतं, नातं असतं.

"सुभद्रा कुणाची हो?"

"बँकेतल्या सायबाची सून. गळा बरा हाय."

"गळा बराच हाय. पण हात काय करायलेत ते गळ्याला माहीत नाही."

"अन् किसनदेव?"

"सर चांगले म्हणायलेत. पण ते सारखे आपल्याला गणित समजलं का बघायलेत."

दोन कप चहा, चार वाक्यं, आणि छापील परीक्षणात अडीच कॉलमात न मावणारं सगळं यात आलं. सुभद्रेचा गळा आणि हात एकमेकांना ओळखत नाहीत, हा तर संगीत रंगभूमीचा जुनाच घोर. गाणाऱ्याला अभिनय शिकवावा की नटाला गाणं, यावर नाटक मंडळ्यांनी उभी हयात घालवली आणि शेवटी प्रेक्षकांनीच गाणाऱ्याच्या बाजूने कौल दिला.

मुळात हे सगळं सुरू झालं तेच कानाच्या जोरावर. पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा उर्दू संगीत खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना मराठीत असं काही करावंसं वाटलं असं सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' झालं, तेही त्या रात्री पहिले चारच अंक. 'सौभद्र' १८८२ चं. 'शाकुंतल'मध्ये पदं सुमारे दोनशे. दोनशे पदांच्या नाटकात चेहऱ्याने काय करायचं? श्वास घ्यायचा. पुढे बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला वन्स मोर, त्या वन्स मोरला पुन्हा वन्स मोर, असं करत नाटक पहाटेपर्यंत चालायचं आणि रुक्मिणीचं स्वयंवर दूधवाल्याच्या आरोळीला लागायचं. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असले, तर लोकांनी घरी जाऊन करायचं काय? बालगंधर्वांचं परीक्षण बायकांनी तर पेपरात न लिहिता अंगावर नेसून केलं. त्यांच्या पातळाची, नथीची, केसांच्या ठेवणीची नक्कल घराघरांत झाली. एका पुरुषाने बाईची भूमिका इतकी बरोबर केली की बायका आपली दुरुस्ती करून घेऊ लागल्या. यापुढे 'भूमिकेला न्याय दिला' हे वाक्य फार लहान वाटतं.

आणि परीक्षणाचा सर्वांत लांबलेला खटला म्हणजे 'संयुक्त मानापमान'. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र प्रयोग. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोन मंडळ्यांचे दोन वाघ एका पिंजऱ्यात. केशवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेले, त्यामुळे फेरतपासणीची सोय राहिली नाही. भारी कोण पडलं? शंभर वर्षं उलटून गेली, निकाल राखून ठेवलेला आहे. परभणीत आजही दोन म्हातारे पारावर या मुद्द्यावरून चहा टाकून उठतात. दोघांचाही जन्म त्या प्रयोगानंतरचा. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती आणि यांचे आजोबा बहुधा त्या दिवशी पेरणीत होते. वादाची धार त्याने कमी होत नाही.

आजच्या हौशी प्रयोगात वन्स मोर मिळणं अवघड झालं आहे, पण त्याला कारण गाणं नाही. ज्याला पद आवडतं तो मोबाइल उंच धरून ते टिपून घेतो. एका हातात मोबाइल, तर टाळी कशाने वाजवणार? शिवाय वन्स मोर घरी जाऊन हवा तेवढ्या वेळा घेता येतो. मोबाइल न काढणारा माणूस नाटकाला कंटाळला आहे की रंगला आहे, हे मंचावरून कळत नाही.

आता जरा डाव्या विंगेकडे, जिथे साथीदार बसतात तिथे यावं. संगीत नाटकाचं अर्धं परीक्षण इथेच चुकतं, कारण लोक मधोमध बघत असतात.

पूर्वी इथे पायपेटी असायची. आता जिल्ह्याच्या गावी ऑर्गन मिळणं दुष्कर, म्हणून कीबोर्ड आला. कृष्णाची पट्टी काळी एक. सुभद्रेची काळी चार. मध्ये संवाद असतील तर अडचण नाही. पण कृष्णाचं पद संपून लगेच सुभद्रेचं सुरू होणार असेल तर डाव्या विंगेत रेल्वेचे सांधे बदलावे तशी धावपळ उडते. तबलजीपाशी दोन तबले असतात, एक काळी एकला लावलेला, एक काळी चारला. थंडीत चामड्याचा भरवसा नसतो. हातोडी आणि पावडर शेजारीच. तो एक तबला सरकवतो, दुसरा ओढतो, आणि हे करत असताना चेहरा असा ठेवतो की जणू द्वारकेत असंच चालायचं. कीबोर्डवाल्याला तबला सरकवावा लागत नाही. त्याच्याकडे ट्रान्सपोजचं बटण आहे. एकदा दाबलं की सूर अर्ध्या स्वराने वर जातो. किती वेळा दाबलं हे लक्षात ठेवायचं.

समजा, एकदा कमी दाबलं. सुभद्रा 'सा' लावते, कीबोर्ड त्याच्या शेजारचा 'सा' लावतो. क्षणभर दोन सुभद्रा उभ्या असल्याचा भास होतो. मग सुभद्रा डाव्या विंगेकडे एक कटाक्ष टाकते. नाटकभर अर्जुनाकडे बघताना जो भाव तिच्या डोळ्यांत आला नाही तो या कटाक्षात येतो: राग, अपमान, विरह, आणि 'घरी चल, मग सांगते', कारण कीबोर्डवर तिचे यजमान बसलेले असतात. तिसऱ्या रांगेतले मामा मांडीवर थाप मारून म्हणतात, "आता करायली अॅक्टिंग!" एवढी नेमकी समीक्षा छापील परीक्षणात कुणी वाचली असेल तर दाखवावी. दुसऱ्या दिवशी पेपरात मात्र 'संगीतसाथ समर्पक होती'.

आणि मग लाइट जाते. हा प्रसंग संहितेत नसतो, पण जुन्या माणसांना तो अंकाइतकाच अपेक्षित असतो. कीबोर्ड मुका, माइक मुका, दिवे गेलेले. कृष्ण मात्र थांबत नाही, कारण वर्गात लाइट गेली तरी तास थांबत नाही हा त्याचा वीस वर्षांचा सराव. तबला चालू आहे. मोबाइलचे दिवे एकेक करून लागतात. माइकशिवायचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि कुणीतरी अंधारातून म्हणतं, "आता ऐकू यायलंय बघा." जनरेटर सुरू होतो तेव्हा थोडी निराशाच पसरते. त्या रात्री सर्वांत जास्त हात शालीबाहेर येतात ते याच चार मिनिटांत.

हा कान आला कुठून, असा प्रश्न पुण्याकडच्या पाहुण्यांना पडतो. त्यांची समजूत अशी की इथे नाट्यसंगीत नाही म्हणजे संगीत नाटक नाही. त्यांना एकदा परभणीच्या खेड्यात, लग्नानंतरच्या गोंधळाला बसवलं पाहिजे. अंगणात चौक मांडलेला, कलश, पेटती दिवटी. संबळ, तुणतुणं, झांज. एवढ्यावर रात्रभराचं संगीत नाटक. पूर्वरंगात गण आणि साऱ्या देवदेवतांना बोलावणं, उत्तररंगात आख्यान. पात्रं दहा-बारा, माणसं तीन-चार. नायक गातो, सांगतो, राजा होतो, राणी होतो. आणि शेजारचा साथीदार मध्येच अडाण्याचं सोंग घेऊन असं काही विचारतो की राणीला पुन्हा गोंधळी व्हावं लागतं. परभणीचे गोंधळी राजारामबापू कदम यांचं नाव लोककलेचे अभ्यासक आजही आदराने घेतात. नेपथ्य नाही, प्रकाशयोजनेला एक दिवटी. याला म्हणावं सूचक!

गोंधळ्यांच्या आख्यानांतलं 'जांभूळ आख्यान' तर फार अवघड जागेवरचं नाट्य आहे. पाच नवऱ्यांची बायको असलेल्या द्रौपदीचं मन कर्णाकडे ओढ घेतं, आणि एका जांभळाच्या निमित्ताने तिला ते कबूल करावं लागतं. हेच आख्यान शाहीर विठ्ठल उमपांनी शहरातल्या रंगमंचावर गाजवलं, त्यात द्रौपदीही स्वतःच उभी केली. पण अंगणातल्या प्रयोगाला जो समीक्षक लाभतो तो शहराच्या नशिबी नाही. बघा: रात्रीचे दोन. द्रौपदीचा आवाज खाली आलेला. संबळ थांबलेलं. बायकांनी पदर तोंडाशी धरलेले. आता ती बोलणार, इतक्यात मंडपातून एक आजोबा उठतात, काठी टेकत पुढे येतात, दहाची नोट पुढे करतात. द्रौपदी कबुलीजबाब तसाच अर्धा ठेवते, नोट कपाळाला लावते आणि खणखणीत आवाजात दात्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि रक्कम जाहीर करते. संबळ कडाडतं. आजोबा मागे वळून एकदा सगळ्या मंडपाकडे बघतात आणि जागेवर जाऊन बसतात. मग द्रौपदी पुन्हा आवाज खाली आणते आणि नेमकी तिथूनच, त्याच श्वासात, मन कर्णाकडे कसं गेलं ते सांगू लागते. अश्रू मघाशी होते तिथेच असतात. हे काम किती अवघड आहे हे अभिनयाच्या शिबिरात जाऊन आलेल्या कुणालाही विचारावं.

दहाची नोट म्हणजे काय? ते परीक्षण आहे. त्यात लिहिणाऱ्याचं नाव आहे, गाव आहे, मूल्यांकन आकड्यात आहे आणि ते खिशातून गेलेलं आहे. छापील परीक्षणाला यातलं काय लागतं?

फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, कव्वाल येतात, तिथेही हेच. नोट पेटीवर पडते आणि कव्वाल ती ओळ पुन्हा घेतो. वन्स मोरला इथे रोख भाव आहे. आणि तिसरी शाळा वारकऱ्यांची. जिल्ह्यात गोदाकाठी गंगाखेड, संत जनाबाईंचं गाव. दर एकादशीला टाळ धरणाऱ्या माणसाला मात्रा मोजायला शिकवावं लागत नाही. २०१७ च्या अखेरीस व्यावसायिक रंगभूमीवर आलेलं प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' दोनच बायकांचं, तुकारामांची आवली आणि लखूबाई होऊन आलेली रखुमाई. असल्या नाटकाची गाठ जेव्हा वारकरी प्रेक्षकाशी पडते तेव्हा गाणाऱ्या नटीचीच परीक्षा असते, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या ओठांवर अभंग तिच्या आधी असतो. ती मात्रा चुकली तर कुणी ओरडत नाही. पण पाचव्या रांगेतल्या माळकऱ्याचा मांडीवरचा हात थांबतो. थांबलेला हात दिसला की नटी सावरते. सावरली की हात पुन्हा सुरू. तिकिटाच्या पैशात एवढी शिकवणी फुकट.

तर असा हा प्रेक्षक गोंधळ, कव्वाली आणि भजन या तिन्ही घरचं जेवून 'सौभद्र'ला येतो, आणि नाटक संपल्यावर विंगेत जाऊन कलाकारांना भेटतो. तिथे मात्र तो एकदम छापील होतो. "छान झालं सर." "लै मेहनत घेतली." "ड्रेस कुठून आणले?" ड्रेस कुठून आणले हा प्रश्न आला की कलाकाराने समजून जावं. बलराम म्हणजे खत-बियाण्याचा दुकानदार, तो मिशी ओढून काढता काढता विचारतो, "माझं कसं झालं?" भेटायला आलेला शेतकरी जरा विचार करतो. उधारी आठवतो. "तुम्ही तर भूमिकेला न्यायच दिला, शेठ."

रात्री साडेबारा. बाहेर धुकं उतरलेलं. वसमत रोडने एक स्कूटर चालली आहे, पुढे मफलरातले सर, मागे शालीत गुंडाळलेल्या बाई. सरांच्या डोक्यात कृष्णाचं पद घुमतंय आणि रस्ता रिकामा आहे, तेव्हा ते आवाज लावतात. काळी एकला सुरू करतात, दुसऱ्या ओळीला कुठल्या पट्टीत आहेत ते त्यांनाही सांगता येणार नाही, पण तान घेतातच. कोपऱ्यावरचं कुत्रं उठून उभं राहतं, नाट्यशास्त्राप्रमाणे ही अंगाने दिलेली दाद. सरांना हुरूप येतो. ते डोळे किंचित मिटून समेकडे निघतात, आणि मागे बसलेल्या बाईंचा हात शालीतून बाहेर येतो.

पुढे खड्डा होता.